सर दोराबजी टाटा : अनवाणी धावपटूंचे कैवारी

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकात एका पारशी गृहस्थाचे चरित्र का यावे, अशी शंका काही वाचकांस येईल. परंतु सर दोराबजी टाटा हे मुंबईच्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे विद्यार्थी होते. शिवाय आपल्या चांद्याच्या अरण्यातही त्यांची पावले उमटली आहेत.

जमशेटजी टाटांच्या या ज्येष्ठ पुत्राचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईस झाला. केंब्रिज येथे दोन वर्षे विद्याभ्यास करीत असता क्रिकेट व फुटबॉल या खेळांत त्यांनी नाव मिळविले. स्वदेशी परतल्यावर १८८२ साली ते झेवियर्समधून बी. ए. झाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पित्याच्या पोलाद कारखान्यासाठी लोखंडाच्या खनिजाचा शोध घेत ते चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील रानात हिंडले. कुरखेडाही त्या काळी त्याच जिल्ह्यात होते. तेथील खनिज मोठ्या कारखान्यास पुरेसे ठरले नाही. तथापि त्यांनी शोध सोडला नाही, आणि अखेर साकची येथे तो कारखाना उभा राहिला.

हीच चिकाटी क्रीडाक्षेत्रात कामी आली. १९१९ साली ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. संघटित मैदानी खेळ हे तेव्हा बहुतांशी गोऱ्यांचे व सुखवस्तू लोकांचे समजले जात. जिमखान्याच्या शर्यतींत मात्र खेड्यांतील शेतकरी अनवाणी धावले. त्यांना ना शिक्षण, ना नियमांची माहिती. तरी त्यांचा वेग पाहून, हे लोक युरोपातील धावपटूंच्या पंक्तीस बसू शकतील, हे दोराबजींनी ओळखले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांचे साहाय्य मिळवून आणि काहींचा खर्च स्वतः सोसून त्यांनी १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदी खेळाडू धाडले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. पदक एकही मिळाले नाही.

दोराबजी तेवढ्याने थांबले नाहीत. १९२४ च्या पॅरिस सामन्यांसाठीही त्यांनी द्रव्यसाहाय्य केले. वाय. एम. सी. ए. चे डॉ. नोरेन व श्री. बक यांनी प्रांतोप्रांती फिरून क्रीडासंघटना उभारण्यास चालना दिली, आणि १९२७ साली स्थापन झालेल्या भारतीय ऑलिंपिक संघटनेचे दोराबजी पहिले अध्यक्ष झाले. कार्याची घडी बसताच १९२८ साली त्यांनी ते पद सोडले. त्याच वर्षी भारताने हॉकीत पहिले सुवर्णपदक मिळविले. त्या संघाचे नायक जयपालसिंग हे छोटा नागपूरच्या मुंडा समाजातील ख्रिस्ती तरुण होते.

पत्नी मेहेरबाई १९३१ साली निवर्तल्या. त्यानंतर दोराबजींनी आपली बहुतेक सर्व संपत्ती लोकहितार्थ विश्वस्त निधीस अर्पण केली. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांचे देहावसान झाले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली त्याच निधीतून उभे राहिले.

संत पौलाने श्रद्धेच्या जीवनास शर्यतीची उपमा दिली आहे. आपल्या रानावनांतील मुलामुलींच्या पायांत बळ आहे. त्यांच्या खेळास वडीलधाऱ्यांनी रिकामा उद्योग मानू नये. देणगी देवाची असते. ती ओळखणारा डोळा आणि तिच्यासाठी झिजणारा हात आपला असावा लागतो.