कुंडल रोडची किर्लोस्करवाडी झाली, त्याची गोष्ट

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, तर कराड गेल्यावर जरा मोबाइल खिशात ठेवा आणि बाहेर बघा. शेणोली, भवानीनगर, ताकारी अशी स्टेशनं मागे पडतात. दोन्ही बाजूंना ऊस. मग एक पिवळी पाटी येते, किर्लोस्करवाडी. गाडी मिनिटभर थांबते, चार माणसं उतरतात, चार चढतात आणि गाडी सुटते.

आपल्यापैकी कितीतरी जणांनी सुट्टीला घरी येताना ही पाटी वाचलीय. पण पूर्वी या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं, हे किती जणांना माहितीय? एखाद्या नेत्याचं नाव स्टेशनला देतात, हे आपण बघतोच. इथे मात्र एका कारखानदाराने माळरानावर गाव वसवलं आणि त्या गावाचं नाव स्टेशनने घेतलं.

एमपीएससीची तयारी करणाऱ्या एखाद्या मित्राला विचारा, पायाभूत सुविधा म्हणजे काय. तो धडाधड सांगेल : वाहतूक, ऊर्जा, दळणवळण, पाणी. बरोबरच आहे. पण धरण आणि लोहमार्ग झाल्यावर तुमच्या शेतापर्यंत, तुमच्या दारापर्यंत ती सोय आणतं कोण? मधला तो शेवटचा तुकडा कोणी तरी जोडावा लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आयुष्यभर हाच तुकडा जोडला.

रंगच ओळखता येईनात

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरातली अपेक्षा सरळ होती, मुलाने शिकावं आणि बरी नोकरी धरावी. या मुलाचं लक्ष मात्र दोनच गोष्टींत, चित्रं आणि यंत्रं. शेवटी हट्ट पुरा झाला आणि तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

दोन वर्षं गेली आणि कळलं, की याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. म्हणजे अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी याहून वाईट बातमी काय असणार? आपला एखादा विषय राहिला तरी आपण आठवडाभर कोणाशी बोलत नाही. इथे तर अख्खा रस्ताच बंद झाला.

त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांच्या आराखड्यांना, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगला, रंग लागत नाहीत. तिथे हात बसला आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवायला लागले. तास संपला की थेट वर्कशॉप. यंत्र उघडायचं, बघायचं, पुन्हा जोडायचं. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. जे आलं, ते असं हात काळे करून आलं.

पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि मुंबई सोडून बेळगावला परतले. आपण सातारा-सांगलीची पोरं डिग्री हातात पडली की पुण्या-मुंबईची गाडी धरतो. हे उलट्या गाडीत बसले.

सायकल ते नांगर

बेळगावात त्यांचा थोरला भाऊ होता, रामूअण्णा. दोघांनी 1888 मध्येच सायकलींचं दुकान सुरू केलं होतं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. तेव्हा सायकल म्हणजे भलतीच नवलाई. नुसती विकून भागत नाही, ती वापरता यावी लागते, हे या भावांना पहिल्या धंद्यातच उमगलं. बेळगावातल्या त्या रस्त्याला आजही किर्लोस्करांचं नाव आहे.

पण सायकल घेणार कोण? वकील, अधिकारी, श्रीमंत घरातली मुलं. भोवतालचा बहुसंख्य माणूस शेतकरी होता आणि त्याच्या हातात यंत्र नावाची गोष्टच नव्हती. मग भावांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

शेतातल्या लोकांना सांगायला नको, कृष्णाकाठची काळी जमीन किती चिवट असते. हरळी आणि कुंदा एकदा शिरला की पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही. लाकडी नांगर वरचेवर माती ओरबाडतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि मातीची कूस पालटतो. हिशोब सोपा होता. पण शेतकऱ्यांना वाटायचं, लोखंड लागलं की जमिनीला विष बाधेल. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली.

इथे शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसू नका. ज्याच्याकडे एकच शेत आहे, तो त्यावर दुसऱ्याचा प्रयोग का करू देईल? पीक गेलं तर वर्ष गेलं. लक्ष्मणरावांनी नांगर चालवून दाखवला, त्यातल्या त्रुटी काढल्या, फाळ सुधारला. ज्यांनी घेतला, त्यांचं रान बघून शेजाऱ्याने घेतला. जाहिरात म्हणाल तर हीच.

निवडुंगाचा माळ

धंदा जरा रुळावर येतोय तोच नवं संकट. बेळगावातली कारखान्याची जागा नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी मागितली. वय चाळिशीचं, पदरात संसार, हाताखाली माणसं आणि डोक्यावर छप्पर नाही.

मदत आली ती औंधातून. आज सातारा जिल्ह्यात असलेलं औंध तेव्हा छोटं संस्थान होतं. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. औंधला देवीच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी केलं होतं, त्यामुळे माणूस कसा आहे हे राजांना ठाऊक होतं. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली. औंध संस्थानाची गावं एकसलग नव्हती, कुठे कुठे विखुरलेली होती. आज सांगली जिल्ह्यात असलेलं कुंडल त्यातलंच. रंग ओळखू न येणाऱ्या चित्रकाराला उभं केलं ते एका चित्रकार राजाने.

जमीन कसली, निवडुंग आणि सापांचा माळ. मग तिथेच का? कारण शेजारी रेल्वे होती. पुण्याहून मिरजेकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टाकलेली होती. कच्चं लोखंड आणि कोळसा आणायचा, तयार नांगर धाडायचे, तर बैलगाडीवर कारखाना चालत नाही. रूळ सरकारच्या सोयीने पडले होते, पण त्यांच्या कडेला कारखाना उभा राहिला की त्याच रुळांवरून शेतकऱ्याचा नांगर जायला लागतो.

1910 मध्ये बिऱ्हाड हललं. परदेशातल्या कामगार वसाहतींबद्दल लक्ष्मणरावांनी वाचलेलं होतं आणि तसं काहीतरी इथे करायचं मनात होतं. त्यामुळे नुसती कारखान्याची शेड बांधून ते थांबले नाहीत. घरं, रस्ते, पाणी, शाळा अशी एकेक गोष्ट उभी करत गेले. या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, दक्षिण महाराष्ट्रातल्या एका वाडीत! रात्रीचे पहारेकरी कोण नेमले, तर पूर्वी ज्यांच्या नावाने गावं घाबरायची असे शिक्षा भोगून आलेले लोक. शंभुराव जांभेकरांसारखा विनापदवीचा माणूस तिथे नामी इंजिनिअर ठरला, शाळा अर्धवट सोडलेला अनंतराव फळणीकरही. गावाची व्यवस्था रामूअण्णांनी अंगावर घेतली.

पाटीवरचं कुंडल रोड पुसून किर्लोस्करवाडी लिहिलं गेलं, ते यामुळे.

तोफांचे नांगर

मग पहिलं महायुद्ध लागलं. परदेशी माल यायचा थांबला, पण त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. आता अडचण उलटी झाली. गिऱ्हाईक दारात आणि ओतायला लोखंड नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही, नाही का?

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही रीतसर कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. सुरुवात कारखान्याची माहिती देणारं पत्रक म्हणून झाली. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि पाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. मास कम्युनिकेशन शिकताना मला कायम वाटायचं, की मीडिया म्हणजे मुंबई-पुणे. इथे कुंडलच्या माळावरून मासिकाचे गठ्ठे टपालाने महाराष्ट्रभर जात होते. रेल्वे होती, टपाल होतं आणि सांगायला काहीतरी होतं. दळणवळणाला आणखी काय लागतं?

मोट थांबली

आता पाण्याकडे येऊ. आजोबांना विचारा, मोट म्हणजे काय. विहिरीवर चामड्याची मोठी पिशवी, तिला नाडा, पुढे बैल. बैल उतारावरून, म्हणजे धावेवरून, खाली गेले की मोट भरून वर येणार, थारोळ्यात रिती होणार, बैल मागे येणार. दिवसभर हेच. एवढं करून भिजणार किती, तर थोडंसंच रान.

1926 च्या सुमारास किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार व्हायला लागले. तत्त्व साधं आहे. बंद डबीत एक पंखा जोरात फिरतो, पाणी बाहेरच्या कडेला फेकलं जातं, मध्यभागी दाब कमी होतो आणि खालचं पाणी तिथे ओढलं जातं. पण ते ओढतो खरं तर हवेचा दाब. त्यामुळे असा पंप कितीही भारी असला तरी साधारण दहा मीटरपेक्षा खालचं पाणी खेचू शकत नाही, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. विहिरीत निम्म्यावर कट्टा करून पंप खाली का बसवतात, याचं उत्तर हे. आणि फूटव्हॉल्व्ह गळला की पंप पाणी का सोडतो, तर पाइपात हवा भरते म्हणून. अकरावीचं फिजिक्स आपल्याच विहिरीत असतं, आपण ते पुस्तकात शोधत बसतो.

पंपाने बैलांची सुटका केलीच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खालचं पाणी वर जायला लागलं. पाटाचं पाणी उताराने वाहतं, त्यामुळे वरच्या अंगाच्या जमिनीला ते कधी मिळत नाही. ती अट पंपाने मोडली. सातारा-सांगलीच्या नकाशात हा फरक फार मोठा आहे. कृष्णा पश्चिमेकडून हिरवीगार वाहते आणि आटपाडी, जत, कवठेमहांकाळ उंचावर कोरडे.

आग आणि नंतर

1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. ज्या माळावरचा निवडुंग स्वतः काढला, तिथली राख बघायची वेळ वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षाच्या तोंडावर आली. कारखाना पुन्हा उभा राहिला. मुलगा शंतनुराव अमेरिकेतून एमआयटीची पदवी घेऊन केव्हाच परतला होता आणि त्याने पुणे, बंगळूर, हरिहरपर्यंत पसारा वाढवला होता. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाचं काम त्यांच्या हयातीतच सुरू झालं होतं, पण तिथली वीज बघायला ते राहिले नाहीत. आज त्याच कृष्णेचं पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना टप्प्याटप्प्याने वर चढवतात. प्रचंड मोठे पंप, पण तत्त्व तेच, विहिरीतल्या पंपाचं.

सगळं छान झालं, असं मात्र समजू नका. पंप आला तसा उपसाही वाढला, विहिरी खोल गेल्या, मग बोअर आल्या. ज्याच्याकडे मोटर त्याचं पाणी, असा नवा हिशोब तयार झाला. शेतीची लाइट रात्रपाळीला असली की आजही कोणाचा तरी बाप बॅटरी घेऊन अंधारात मोटर चालू करायला जातो. पाणी वर नेण्याचा प्रश्न एका पिढीने सोडवला. ते किती उपसायचं, कोणाला किती द्यायचं आणि दिवसा वीज कशी द्यायची, हे प्रश्न आपल्या पिढीच्या वाट्याला आलेत.

त्यासाठी प्रत्येकाने कारखाना काढावा, असं काही नाही. पण पुढच्या वेळी ती पिवळी पाटी दिसली की एवढं करा. आपल्या गावात कुठली सोय अर्ध्यावर येऊन थांबलीय, तेवढं आठवून बघा. एसटी फाट्यापर्यंत येते आणि गावात येत नाही. टाकी बांधलीय, पण नळाला पाणी नाही. रेंज आहे ती फक्त पारावर. लक्ष्मणरावांना असंच एक स्टेशन दिसलं होतं, ज्याच्या शेजारी निवडुंगाशिवाय काही नव्हतं.