हेन्री फोर्ड : यंत्रयुगाचे शिल्पकार, सरकारी नियमनाचे विरोधक

मोटार ही श्रीमंतांच्या चैनीची वस्तू समजली जात होती, त्या काळात ती सामान्य माणसाच्या दारात आणणारे अमेरिकी उद्योजक हेन्री फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी मिशिगन राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीपेक्षा यंत्रांची ओढ अधिक असल्याने १८७९ मध्ये ते डेट्रॉइटला आले व कारखान्यात उमेदवारी करू लागले. १९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनीची स्थापना झाली, तर १९०८ मध्ये त्यांची 'मॉडेल टी' ही मोटार बाजारात आली.

खरे परिवर्तन घडले ते १९१३ मध्ये, हायलंड पार्क येथील कारखान्यात. तेथे कामगाराने मोटारीकडे जाण्याऐवजी सरकत्या साखळीवरून मोटारच कामगारापुढे येऊ लागली. मोटारीचा सांगाडा जोडण्यास पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत. वर्षभरात हा अवधी दीड तासावर आला. प्रारंभी ८५० डॉलर किंमत असलेली ही मोटार १९२० च्या दशकाच्या मध्यास ३०० डॉलरहून कमी किमतीत मिळू लागली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक मोटारी तयार झाल्या.

दिवसभर एकच काम करण्यास कंटाळून कामगार मात्र मोठ्या संख्येने नोकरी सोडत होते. त्यावर उपाय म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी आठ तासांच्या कामासाठी पाच डॉलर मोबदला जाहीर केला. पूर्वीच्या मजुरीच्या तो दुपटीहून अधिक होता. तथापि, तो मिळण्यापूर्वी कंपनीचे अधिकारी कामगाराच्या घरगुती राहणीचीही चौकशी करीत. वेतन वाढले, पण ते ठरविण्याचा अधिकार मालकाकडेच राहिला.

१९२९ च्या महामंदीने या व्यवस्थेची मर्यादा उघड केली. मोटारींना ग्राहक उरला नाही आणि हजारो कामगार बेकार झाले. ७ मार्च १९३२ रोजी डिअरबॉर्न येथील रूज कारखान्यावर निघालेल्या बेरोजगारांच्या मोर्चावर पोलीस व कंपनीच्या रक्षकांनी गोळीबार केला. त्यात चार मोर्चेकरी ठार झाले.

अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या प्रशासनाने १९३३ मध्ये वेतन, कामाचे तास व स्पर्धा यांविषयी उद्योगनिहाय संहिता आखल्या. मोटार उद्योगाच्या संहितेवर स्वाक्षरी करण्यास फोर्ड यांनी नकार दिला. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायदाच घटनाबाह्य ठरविला. परंतु त्याच वर्षी संमत झालेल्या वॅग्नर कायद्याने कामगारांच्या संघटनेच्या व सामूहिक वाटाघाटींच्या हक्काला संरक्षण दिले. १९३७ मध्ये जनरल मोटर्स व क्रायस्लर यांनी संघटनेला मान्यता दिली. फोर्ड यांच्या कारखान्याबाहेर मात्र त्याच वर्षी २६ मे रोजी संघटनेच्या नेत्यांना मारहाण झाली. अखेर एप्रिल १९४१ मधील संपानंतर जूनमध्ये फोर्ड यांनी करार केला.

दुसऱ्या महायुद्धात सरकारी पैशातून उभारलेल्या विलो रन येथील कारखान्यात फोर्ड कंपनीने बॉम्बफेकी विमाने बनविली. १९४४ मध्ये तेथे तासाला जवळपास एक विमान तयार होत होते. सरकारी हस्तक्षेपाला आयुष्यभर विरोध करणाऱ्या उद्योगपतीच्या उत्पादनतंत्राचा सर्वात मोठा ग्राहक आता सरकारच झाले होते.

फोर्ड यांच्या साप्ताहिकाने १९२० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या ज्यूविरोधी लिखाणाचा डागही त्यांच्या नावावर कायम राहिला. ७ एप्रिल १९४७ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वस्त वस्तू व चांगले वेतन त्यांच्या कारखान्याने दिले. वेतन ठरविताना कामगाराचा आवाज ऐकला जाण्यासाठी मात्र कायदा आणि कामगारांचा संघर्ष, दोन्हींची गरज भासली.