अंगणातल्या ताराबाई

आपल्या हैदराबादेत वस्त्यावस्त्यांतून तेलुगू अक्षरांत ‘अंगनवाडी’ अशी पाटी दिसते. ती वाचली की आम्हां मराठी मंडळींना माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. हा शब्द रूढ झाला तो ताराबाई मोडक यांच्या कामातून.

ताराबाईंचा जन्म 1892 चा, मुंबईतला. माहेरच्या त्या केळकर. 1914 साली बी. ए. झाल्या, पुढे राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. ते मानाचे पद सोडून, लहानग्या लेकीला घेऊन त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. तिथे माँटेसोरी पद्धत त्यांनी आत्मसात केली. सगळ्या मुलांना ओळीत बसवून एकच धडा द्यायचा नाही. मुलाने आपले काम आपण निवडायचे, एकट्याने किंवा दोघाचौघांत मिळून करायचे. 1936 साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले.

पण ही पद्धत खर्चिक, शहरी मुलांपुरतीच होती. म्हणून 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ सोबतीला आल्या. बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली मुले तिथवर येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणात मावतील तेवढी मुले जमवायची. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, खडे, पाने.

(आमच्या मराठी वर्गाला मुले कमी आली की आम्ही पालकांना बोल लावतो. कुणाच्या फ्लॅटवर जाऊन तिथेच चार मुले गोळा करावीत, हे आम्हांला अजून सुचलेले नाही, हे कबूल केलेले बरे.)

1957 मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत गेले. काही मुले गुरे राखायला जात. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. काहींच्या कडेवर धाकटे भावंड असे. ते कुठे ठेवणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारीशेजारी आणली. तिला नाव दिले विकासवाडी.

1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 1973 च्या ऑगस्टअखेरीस त्या गेल्या. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी सांभाळले.