विश्लेषण : हत्ती अडेल, माणूस निसटेल! शाहू महाराजांच्या साठमारीचे तंत्र काय होते?

पानशेत धरणाच्या काठावर चहा पीत बसलेल्या माणसालाही आता सांगली-साताऱ्याकडची बैलगाडी शर्यत मोबाइलवर थेट पाहता येते. वर ड्रोन घोंगावत असतो, निशाणाजवळ कॅमेरा असतो आणि कोणती जोडी आधी पोहोचली यावरून वाद झालाच, तर तोच क्षण पुन्हा लावून पाहता येतो. अमेरिकेत रोडिओ नावाचा खेळ आहे. त्यात उधळणाऱ्या वळूच्या पाठीवर एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचे असते. तिथे वळूंच्या वंशावळीची खात्री डीएनए चाचणीने केली जाते.

जनावराच्या ताकदीशी माणूस खेळणार असेल, तर तंत्राने नेमके काय करायचे? निकाल दाखवायचा, की जीव वाचवायचा? ड्रोन आणि डीएनए येण्याच्या कितीतरी आधी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी या प्रश्नाचे उत्तर दगडात बांधले होते. आरक्षण, वसतिगृहे, सत्यशोधक विचार यांमुळे महाराज सर्वांना ठाऊक आहेत. जनावरांच्या सहवासात गेलेला त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र बहुधा आठवणींच्या गोष्टींपुरताच उरतो.

साठमारी म्हणजे काय?

मस्तीवर आलेला हत्ती मैदानात सोडायचा आणि त्याच्यासमोर मूठभर माणसांनी उतरायचे. या माणसांना साठमार म्हणत. हातात भाला किंवा रंगीत कापड घेऊन ते हत्तीला डिवचत, अंगावर घेत आणि ऐनवेळी निसटत. एकावर हत्ती धावला की दुसरा ओरडून, कापड हलवून त्याला आपल्याकडे वळवी. हा खेळ बडोद्याच्या गायकवाडांकडे विशेष प्रसिद्ध होता, आणि बडोदा म्हणजे शाहू महाराजांची सासुरवाडी. १८९१ मध्ये त्यांचा विवाह तिथल्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला होता.

कोल्हापुरात महाराजांनी साठमारीसाठी खास मैदान बांधून घेतले. भक्कम दगडी भिंती, आत बुरुजासारखे बांधकाम आणि त्यात ठेवलेल्या अरुंद वाटा. माणूस अंग चोरून आत शिरेल, पण हत्तीचे मस्तक अडेल, असे त्या वाटांचे माप. साठमार एका बाजूने आत जाई, दुसऱ्या बाजूने बाहेर पडे आणि हत्ती बुरुजाला वळसा घालीपर्यंत त्याला दम खायला वेळ मिळे. बाकी सगळा खेळ धाडसाचा, पण जगणे-मरणे ठरे ते त्या फटीच्या रुंदीवर.

जगात इतरत्रही माणसाला हीच युक्ती सुचली. स्पेनच्या बैलझुंजीच्या रिंगणात कडेला फळ्यांचे आडोसे असतात. त्यांच्यामागे माणूस सरकतो, बैलाची शिंगे बाहेर राहतात. रोडिओत स्वार खाली पडला की वळूचे लक्ष वेधायला माणसे धावतात. त्यांतला एक जण मैदानात ठेवलेल्या जाड अस्तराच्या पिंपात उडी घेतो, आणि वळूने पिंपाला धडक दिली तरी आतला माणूस वाचतो. दगडी बुरूज, लाकडी फळी किंवा पिंप, सगळ्यांचे काम एकच.

हे सगळे माणसाच्या बाजूने झाले. हत्तीला यात कोणी काही विचारले नव्हते. मस्तीच्या काळात आधीच बेचैन असलेल्या जनावराला भाल्याने टोचून बिथरवणे हा आजच्या नजरेने निव्वळ छळ आहे, आणि तो राजाने केला म्हणून कमी ठरत नाही.

जनावरांची ही ओढ आली कुठून?

महाराजांचा जन्म १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले, राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले आणि पुढे धारवाडला फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांच्या हाती राज्यकारभार आला, तेव्हा ते विशीत होते. धिप्पाड शरीर, कुस्तीचा नाद, शिकारीचे वेड. पागा आणि हत्तीखान्यात ते नुसते फेरफटका मारायला जात नसत. कोणते जनावर बिथरले आहे, कोणते आजारी आहे, याची त्यांना स्वतःला माहिती असे.

त्यांचे आवडते वाहन म्हणजे खडखडा. नावावरूनच कळावे, की ही मऊ गाद्यांची बग्गी नव्हे. नव्या, अडेल घोड्यांना गाडीची सवय लावण्यासाठी वापरायची ही दणकट चारचाकी गाडी. घोड्याने लाथ झाडली, एकदम उसळी घेतली किंवा रान धरले, तरी गाडी मोडू नये आणि हाकणारा उंचावर राहावा, अशी तिची बांधणी. जे काम चाबुकस्वारांचे, ते महाराज स्वतः लगाम हातात घेऊन करीत. माळरानावर चित्त्यांकडून काळविटाची शिकार करतानाही खडखडा असे. याच गाडीतून ते खेड्यापाड्यांत जात आणि वाटेत शेतकऱ्याने हात केला की थांबत. मोटारी संस्थानांत आल्या, तरी लोकांच्या आठवणीत राहिला तो खडखडाच.

या पागेचा आणखी एक उपयोग महाराजांनी केला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील माणसांना त्यांनी माहूत आणि कोचमन म्हणून नेमले. राजाच्या हत्तीवर बसणारा किंवा त्याच्या गाडीचे लगाम धरणारा माणूस चारचौघांत दूर उभा राहू शकत नाही. गावोगाव हजेरी द्यावी लागणाऱ्या फासेपारध्यांनाही त्यांनी कामे दिली, वस्तीला जागा दिली. त्या काळात हे धाडस साठमारीपेक्षा लहान नव्हते.

रोम आणि खासबागेचा संबंध काय?

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. त्याच दौऱ्यात, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम कोल्हापुरात प्रसिद्ध झाला. याच प्रवासात त्यांनी रोममधले प्राचीन क्रीडागार पाहिले. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे माणूस आणि जनावर यांना झुंजवले जाई. महाराजांनी तिथून घेतली ती रचना, आणि ती वापरली माणसा-माणसांतल्या कुस्तीसाठी.

खासबाग मैदानाचे काम १९०७ मध्ये सुरू होऊन १९१२ मध्ये पुरे झाले. मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेली बशीसारखी बैठक. पुढच्याच्या डोक्याआड कुस्ती लपत नाही, कुठेही बसा, डाव दिसतो. ध्वनिक्षेपक नाही, मोठा पडदा नाही, आणि तरी हजारो लोक एकाच वेळी एकच लढत पाहू शकतात. तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही दिसले पाहिजे, हा आग्रह दरबारी कार्यक्रमांत सहसा नसतो. मैदानाला लागूनच महाराजांनी नाट्यगृह बांधले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले, तेव्हा खासबागेच्या बाजूलाही झळ पोहोचली.

शेतातल्या बैलासाठी काय केले?

मैदानातल्या जनावराइतकेच गोठ्यातले जनावरही त्यांच्या हिशेबात होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी जनावरांसाठी छावण्या उघडल्या, संस्थानची राने चराईला मोकळी केली. बैल मेला की पाऊस पडूनही शेत पडीक राहते, हे कागलच्या माणसाला सांगावे लागत नाही. पुढे कोल्हापुरात शेतीची संस्था निघाली, सुधारित अवजारे लोकांपुढे आली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना अडचणीत आला. तेव्हा संस्थानातल्या जुन्या तोफांचे लोखंड महाराजांनी त्यांना दिले. तोफांचे नांगर झाले.

सर्वांत मोठे काम भोगावती नदीवरच्या धरणाचे. राधानगरी हे गाव वसवून १९०८ च्या सुमारास ते सुरू झाले, पैशांअभावी १९१८ मध्ये थांबले आणि महाराजांच्या पश्चात १९५७ मध्ये पूर्ण झाले. धरण बांधताना घाई झाली तर काय होते, हे पानशेतच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. आंबी नदीवरचे इथले मातीचे धरण काम पुरते आटोपण्याआधीच पाण्याने भरले आणि १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या दिवसाने पुण्याचा नदीकाठ बदलला. राधानगरीला पन्नास वर्षे लागली. ते दगडी धरण आजही उभे आहे.

१९१८ मध्ये काय घडले?

महाराजांना दोन मुलगे होते. धाकटे प्रिन्स शिवाजी १२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या शिकारीत झालेल्या अपघातात गेले. घोड्यावरून पाठलाग, हातात भाला, समोर वाकडेतिकडे पळणारे जनावर. वडिलांनी ज्या खेळांवर प्रेम केले, त्यांपैकीच हा एक. साठमारीच्या मैदानात माणसासाठी फट ठेवता येते. उघड्या रानात ती कोण ठेवणार? लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. पत्नी इंदुमती सासवडच्या जगतापांच्या, तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या.

त्या वयाच्या विधवेने काय करायचे, हे त्या काळी ठरलेले होते. महाराजांनी ते मानले नाही. सुनेला कोल्हापूरबाहेर सोनतळीला ठेवून, घरातला विरोध बाजूला सारून, त्यांनी तिला शिकवायला सुरुवात केली. सोनतळी ही त्यांची शिकारीची, जनावरांची जागा. शाळा तिथेच भरली. मुलाच्या मृत्यूने ते खचले होते आणि शरीरही थकत चालले होते. तरी महार वतनांचा प्रश्न, पारध्यांची हजेरी, प्राथमिक शिक्षण, अशी कामे या शेवटच्या चार वर्षांतही थांबली नाहीत. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून लोकांपुढे आणले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ४७.

मग आज या सगळ्याचे काय उरले?

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले आणि हत्तीखान्यांचे दिवस सरले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावरे झुंजवणे हा गुन्हा ठरवला. साठमारीचे नाव कोल्हापुरात उरले आहे, खेळ नाही.

बैलांच्या शर्यतींची वाट वेगळी झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्या थांबवल्या, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता शर्यतीला जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, जनावराची पशुवैद्यकाकडून तपासणी लागते. मैदानावरचा कॅमेराही केवळ विजेता ठरवत नाही. बैलाला टोचले का, मारले का, शॉक दिला का, याचा पुरावाही त्याच चित्रणातून निघू शकतो. साठमारीच्या हत्तीसाठी असा साक्षीदार नव्हता.

रोडिओतही बदल घडला तो एका मृत्यूनंतर. लेन फ्रॉस्ट हा जगज्जेता स्वार ३० जुलै १९८९ रोजी वायोमिंगमधल्या शाएन इथे गेला. स्वारी पूर्ण करून तो खाली उतरला होता, वळूने मागून धडक दिली आणि बरगड्या मोडल्या. त्याच्याच एका सहकारी स्वाराने पुढे छाती झाकणारे जाकीट तयार केले. आज ते घातल्याशिवाय कोणी व्यावसायिक स्वार वळूवर बसताना दिसत नाही.

आणि राधानगरीला, धरणाच्या पाणलोटात, जिथे पूर्वी संस्थानची शिकारीची राने होती, तिथे १९५८ मध्ये अभयारण्य झाले. ते ओळखले जाते गव्यांसाठी. बैलाच्या कुळातल्या या रानटी, प्रचंड जनावराला तिथे कोणी डिवचायला जात नाही. लोक गाडीतूनच, लांबून मोबाइलवर फोटो काढतात.