दासगणूंचे गीत आणि भाविकांचा कंठ

माघ वद्य सप्तमी हा शेगावनिवासी श्रीगजानन महाराजांचा प्रकटदिन. इ. स. १८७८ मध्ये याच तिथीस महाराज शेगावी प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले. या पर्वकाळात बुलढाणा जिल्ह्यातील गावोगावी श्रीगजाननविजय ग्रंथाची पारायणे होतात. सुलतानपूर हे लोणार-मेहकर वाटेवरील गाव. आषाढीनंतर पंढरीहून परतणारी शेगावची पालखी याच वाटेने जाते. या परिसरात पोथी वाचणारे बहुधा गायक नसतात. कोणी शेतकरी असतो, कोणी शिक्षक, कोणी नातवंडे सांभाळणारी आजी. तरीही ओवी अडत नाही. हे ग्रंथकर्त्याचे केवढे कर्तृत्व, याचा विचार मात्र क्वचितच होतो. कारण हा ग्रंथकर्ता स्वतः मोठा गाणारा होता. आपले काव्य आपणच गावे की दुसऱ्याच्या कंठी द्यावे, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्याने एकाच आयुष्यात अनुभवल्या.

संतकवी दासगणू महाराजांचा जन्म १८६८ साली नगर जिल्ह्यातील अकोळनेर येथे झाला. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे हे त्यांचे नाव. शालेय विद्येत त्यांचे मन रमले नाही आणि तरुण वयात ते पोलीस खात्यात शिपाई झाले. काव्यरचना मात्र त्यांना उपजतच साध्य होती. त्या ऐन उमेदीच्या काळात गणूची प्रतिभा तमाशाच्या फडात रमली व लावण्या रचू लागली.

लावणी एकाने रचावी व दुसऱ्याने गावी, ही शाहिरीतील मान्य रीत होती. होनाजीने रचावे आणि बाळा कारंजकराने गावे, असा त्या जोडीचा लौकिक होता. म्हणूनच दोन्ही नावे आजतागायत एका दमात उच्चारली जातात. उलट सोलापूरचे राम जोशी स्वतः रचीत व स्वतःच गात, आणि पुढे मोरोपंतांच्या प्रभावाने ते कीर्तनाकडे वळले. गणूच्या आयुष्यानेही हेच वळण घेतले.

नानासाहेब चांदोरकरांमुळे त्यांना शिर्डीच्या श्रीसाईबाबांचे दर्शन घडले. नोकरी सुटावी असे बाबांच्या मनात होते; बढतीची आशा गणूस सोडवत नव्हती. कान्या भिल्ल नावाच्या दरोडेखोराचा माग काढताना प्राणावर बेतले, खात्यात बालंट आले, तेव्हा कोठे त्या आशेचे पाश तुटले. राजीनामा देऊन ते नांदेडास राहिले व दासगणू या नावाने कीर्तनास उभे राहिले.

नारदीय कीर्तनात कवी आणि गायक एकच असला म्हणजे काय साधते, ते दासगणूंच्या आख्यानांत दिसते. साकी कोठे सोडावी, दिंडी कोठे धरावी, श्रोता द्रवला की पद कोठे थांबवावे, हे रचणाऱ्याइतके दुसऱ्या कोणास उमगणार? परंतु या एकरूपतेत एक धोकाही असतो. श्रोता गाण्याकडे न पाहता गाणाऱ्याकडे पाहू लागतो. शिर्डीतील एक प्रसंग या दृष्टीने मला फार अर्थपूर्ण वाटतो. अंगरखा, उपरणे, डोक्यास फेटा असा कीर्तनकाराचा रीतसर पोशाख करून दासगणू बाबांच्या दर्शनास गेले. नवरदेवासारखे सजून कोठे निघालास, अशा आशयाची थट्टा बाबांनी केली आणि ते सारे उतरविण्यास सांगितले. तेव्हापासून उघड्या अंगाने, गळ्यात माळ व हातात चिपळ्या घेऊन ते उभे राहत. साईबाबांची तसबीर जवळ असे. रूढ पोशाखाची शोभा गेली. गाणारा मागे सरला, गीत पुढे आले.

पुढे भक्तलीलामृत, संतकथामृत, भक्तिसारामृत हे ग्रंथ झाले. लावणीस तयार गळा हवा, आख्यानास चाली जाणणारा कीर्तनकार हवा. ओवीस काय हवे? अक्षरओळख आणि श्वास. तेही नसेल त्याने शेजारी बसून ऐकावे. ज्याच्या कीर्तनास लोक गर्दी करीत, त्या कवीने असे छंद स्वीकारावेत की ज्यांत स्वतःच्या आवाजाची गरजच उरू नये, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. कित्येक गुणी गायककवींची पदे त्यांच्या चालींसह त्यांच्याबरोबरच गेली.

श्रीगजाननविजय हे या वाटेवरील त्यांचे सर्वांत मोठे पाऊल होय. महाराज १९१० साली समाधिस्थ झाले होते. जवळजवळ तीन दशकांनंतर शेगावच्या रामचंद्र कृष्णाजी पाटलांच्या आग्रहावरून, मिळालेल्या कागदपत्रांच्या आधारे, एकाहत्तर वर्षांच्या दासगणूंनी एकवीस अध्यायांचा हा ग्रंथ रचला. शके १८६१ च्या वर्षप्रतिपदेस, म्हणजे १९३९ साली, तो शेगावीच पूर्ण झाला.

त्यात ठायी ठायी दासगणू ही नाममुद्रा येते. वाचणारी सुलतानपूरची असो वा मुंबईची, तिच्या मुखातून कवी आपले नाव सांगतो आणि स्वतःला संतांचा दास म्हणवून घेतो. त्या घटकेस ते दास्य वाचणारीचेही होऊन जाते.

आख्यानांचे काय झाले, हा प्रश्न येथे सहज मनात येतो. ती सर्वांच्या आवाक्यातली नव्हती व नाहीत. त्यांना शिकलेला, मुरलेला कंठच लागतो. सुदैवाने तो लाभला. दासगणूंच्या सहवासात वाढलेले अनंत दामोदर आठवले, म्हणजेच पुढील काळातील स्वामी वरदानंद भारती, यांनी ती कीर्तने गावोगाव उभी केली. शिर्डीच्या नित्य आरत्यांतही दासगणूंची रचना रोज शेकडो कंठांतून उमटते. त्यांपैकी किती जणांना कवीचे नाव ठाऊक असेल!

नोव्हेंबर १९६२ मध्ये पंढरपुरी त्यांनी देह ठेवला. नांदेड जिल्ह्यातील गोरटे येथे त्यांची समाधी आहे.