स्टीव्हन्सनची आडवाटेची बंदरं

‘ट्रेझर आयलंड’ आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या वयात वाचलेलं असतं. त्यातलं बेट इतकं खरं वाटतं, की लेखक सगळे समुद्र पालथे घालून आला असणार असा आपला समज होतो. प्रत्यक्षात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने ते १८८१ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लिहायला घेतलं. बाहेर पाऊस, घरात सावत्र मुलगा आणि पुढ्यात रंगवलेला एक नकाशा! दक्षिण समुद्रातली बेटं त्याने पाहिली ती पुढे सात वर्षांनी. मी एडिंबरात राहते आणि हा माणूसही इथलाच. पण खरं सांगू? मला त्याच्या पुस्तकांपेक्षा त्याच्या बोटींचं कुतूहल जास्त.

त्याचा जन्म १३ नोव्हेंबर १८५०चा. घराणं दीपगृहं बांधणारं. आजोबांनी भर समुद्रातल्या खडकावर बेल रॉकचं दीपगृह उभारलं, काका आणि वडील त्याच धंद्यात. साहजिकच मुलाने इंजिनिअर व्हायचं हे ठरलेलं (आपल्या घरांत तरी यात नवीन काय?). १८६९ मध्ये तो ‘फेरॉस’ या दीपगृहांच्या पाहणी-बोटीने ऑर्कनी आणि शेटलंडला गेला. पुढच्या वर्षी मल बेटाला लागून असलेल्या एरेड या चिमुकल्या बेटावर राहिला. खोल समुद्रातल्या एका दीपगृहाचे दगड तिथे घडवले जात होते. पोराला दगडांचं गणित रुचलं नाही, बोट मात्र रुचली. १८७१ मध्ये त्याने वडिलांना सांगून टाकलं की हे काम माझ्याच्याने होणार नाही. वडील दुखावले. मग तडजोड म्हणून वकिलीचं शिक्षण घेतलं, तेही नावापुरतंच.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही ओबानहून बारा प्रवाशांच्या बोटीने एरेडपाशी नांगर टाकला. खाडी इतकी चिंचोळी की मोठी क्रूझ आत शिरूच शकणार नाही. कामगारांसाठी बांधलेली ग्रॅनाइटच्या घरांची रांग अजून उभी आहे. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते आणि माणूस चालत मलवर जातो. ‘किडनॅप्ड’मधला डेव्हिड याच बेटावर अडकतो, कच्चे शिंपले खाऊन दिवस काढतो, आणि पायी जाता येतं हे त्याच्या लक्षातच येत नाही! कोकणातल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल.

छातीचं दुखणं त्याला लहानपणापासून होतं. खोकल्यातून रक्त पडायचं, महिनोन्‌महिने अंथरूण सुटायचं नाही. १८८७ मध्ये वडील गेले आणि तो आई, बायको फॅनी आणि सावत्र मुलगा लॉइड यांना घेऊन अमेरिकेला निघाला. २८ जून १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘कॅस्को’ हे भाड्याचं शिडाचं जहाज सुटलं. लांबी शंभर फुटांहूनही कमी. त्यावर त्याची एकोणसाठ वर्षांची आई, डोक्यावर विधवेची पांढरी टोपी घालून! आमच्याकडे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आयांना विमानात एकदा जागा बदलावी लागली तरी केवढं टेन्शन येतं.

महिन्याभराने मार्केसास बेटांतलं नुकुहिवा लागलं. मग फाकारावा, मग ताहिती. ताहितीत स्टीव्हन्सन फार आजारी पडला. तौतिरा गावच्या ओरी नावाच्या मुखियाने या परक्या कुटुंबाला आपल्या घरात ठेवून घेतलं, जवळजवळ दोन महिने. इतके दिवस का, तर ‘कॅस्को’च्या डोलकाठ्या आतून कुजलेल्या निघाल्या होत्या. भर समुद्रात त्या मोडल्या असत्या तर पुढचं काही सांगायला नकोच.

होनोलुलूहून आई मायदेशी परतली. हा मात्र मोलोकाईच्या कुष्ठरोगी वसाहतीत जाऊन राहिला, तिथल्या मुलींबरोबर क्रोके खेळला आणि नंतर त्यांच्यासाठी पियानो पाठवला. पुढे ‘इक्वेटर’ आणि ‘जॅनेट निकोल’ ही व्यापारी जहाजं. माल उतरवायचा, सुकं खोबरं भरायचं आणि पुढचं बेट गाठायचं. प्रवाशांसाठी कोणी जाणार नाही अशा जागी तो खोबऱ्यामुळे पोचला. अबेमामावर टेम्बिनोक राजा परक्यांना सहसा राहू देत नसे, याला त्याने राहू दिलं. आम्ही बोटीवरचे लोक दोन तासांत बेट ‘करून’ येतो. हा तिथे दोन महिने राहिला. ‘जॅनेट निकोल’वर तर ऑकलंड सोडल्यावर केबिनमधल्या आतषबाजीच्या सामानानेच पेट घेतला. एक जळती पेटी खलाशी समुद्रात फेकणार, इतक्यात फॅनीने अडवलं. आत त्याची हस्तलिखितं होती.

१८९० मध्ये दोनदा सिडनीला गेला आणि दोन्ही वेळा आजारी पडला. थंड हवा आता सोसणार नाही, म्हणजे घरी परतणं नाही, हे स्पष्ट झालं. सामोआत आपियाजवळ वाइलिमा इथे जमीन घेतली होती, तिथेच घर बांधलं. आईही तिथे राहायला आली. नारळीच्या देशात बसून त्याने लिहिलं ते स्कॉटलंडबद्दल: ‘कॅट्रिओना’, आणि अर्धवट राहिलेली ‘वीअर ऑफ हर्मिस्टन’. परदेशात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

३ डिसेंबर १८९४ च्या संध्याकाळी, जेवणाची तयारी चालू असताना मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय ४४. सामोअन लोकांनी वाएआ डोंगरावर झाडी तोडून वाट काढली आणि खांद्यावरून त्याला माथ्यावर नेलं. मार्गारेटबाई नंतर एडिंबराला परतल्या आणि १८९७ मध्ये इथेच वारल्या.