कै. पंडित विष्णु नारायण भातखंडे

कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकांतील स्वराखालीं टिंब, समेखालीं फुली : ही लिपि आज गाणें शिकणाऱ्या मुलामुलींस पाठ असते. ती ज्यांनीं रूढ केली, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचें चरित्र आम्हीं येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथें १० ऑगस्ट १८६० रोजीं झाला. १८८७ सालीं ते एल्‌एल्. बी. झाले व कांहीं काळ त्यांनीं वकिलीही केली. परंतु चित्त गाण्याकडे होतें. १९०० सालीं पत्नी व १९०३ सालीं एकुलती कन्या निवर्तली. संसाराचा पाश उरला नाहीं, आणि मग ते चिजा गोळा करीत देशभर हिंडले.

त्या काळीं चीज म्हणजे घराण्याची ठेव. खाँसाहेब ती मुलास देत, क्वचित् जांवयास आंदण देत. परक्यास स्थायी शिकविली तरी अंतरा राखून ठेवीत. हा नुसता कृपणपणा होता असें आमच्यानें म्हणवत नाहीं. ज्यास शेत नाहीं, वतन नाहीं, त्याची चीज हेंच त्याचें शेत. ती छापून बाजारांत आली, तर त्यास दरबारीं कोणी कां बोलवावें? ग्रंथकारास कायद्याचा आधार होता. कंठांतल्या चिजेस तो कोठला?

जयपूरचे महंमद अली खाँ हे मनरंगाच्या परंपरेंतील थोर ख्यालिये. त्यांच्या मुलांनीं घराण्याच्या पुष्कळ चिजा पंडितजींस गाऊन दाखविल्या व फोनोग्राफवर भरूं दिल्या. हें कळतांच वृद्ध खाँसाहेब संतापून मुंबईस आले, अशी हकीकत सांगतात. पंडितजींनीं वाद घातला नाहीं. त्यांचा सन्मान केला व त्यांस गुरुस्थानीं मानलें. खाँसाहेबांचा राग निवळला. पुढें रामपूरचे नबाब हमीद अली खाँ यांचेंही शिष्यत्व त्यांनीं पत्करलें. वकिलाची मान अशी लवली नसती, तर ती दारें उघडलीं नसतीं.

या साऱ्या संग्रहाचें फळ म्हणजे 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग. त्यांत सुमारें १,८०० चिजा स्वरलिपींत आहेत. पंडितजींनीं स्वतः रचलेल्या गीतांत 'चतुर' ही मुद्रा आढळते. जुन्या रचनांत सदारंगादिकांच्या मुद्रा आहेत. परंतु चीज कोणी दिली हें प्रत्येकीखालीं छापलें असतें तर बरें झालें असतें, असें आम्हांस वाटतें.

१९१६ सालीं बडोद्यास संगीत परिषद् भरली, १९१८ सालीं ग्वाल्हेरास व १९२६ सालीं लखनौस विद्यालयें निघालीं. या सर्वांस पंडितजींचाच हात होता. १९३३ सालीं त्यांस पक्षाघात झाला, व १९ सप्टेंबर १९३६ रोजीं ते निवर्तले.

आपल्या देशांत ग्रंथावरील हक्क ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो. पंडितजींच्या पुस्तकांची ती मुदत केव्हांच सरली. आतां तीं कोणींही उतरून घ्यावीं. आम्ही मुलांस चीज उतरतांना खालीं पुस्तकाचें नांव व देणाऱ्या गवयाचें नांव लिहावयास सांगतों. पहिली ओळ भरते. दुसरी पुष्कळदां कोरीच राहते.